झिऱ्यातलं हाड

नियाज नालबंद चुकू शकतो, हे गावात कोणाच्या डोक्यातच नव्हतं. नियाजच्या तर नव्हतंच नव्हतं. माणूस रागीट, तोंडाचा फटकळ. पण हात असा की परगावची माणसं आपला नालबंद सोडून त्याच्या दारात बैल आणून बांधायची आणि वर त्याच्या शिव्या ऐकत उभी राहायची. "हा खूर हाये का चिखलाचा गोळा? बैल पाळता का उकिरडा पाळता?" असं तो मालकाला तोंडावर विचारायचा. मालक हसून घ्यायचा. न हसून करतो काय, नियाजचा नाल अमरावतीला जाऊन परत येईपर्यंत तसूभर हलत नसे.

त्याचा बाप एलिचपूरला निजामाच्या रिसाल्यात घोड्यांना नाल मारायचा. त्यामुळे घोड्याचा एकसंध खूर आणि बैलाचा दुभंगलेला खूर, दोन्ही नियाजने रांगायच्या वयापासून पाहिलेले. पुढे रिसाल्याची चाकरी सुटली तेव्हा बापाने भातकुलीच्या पलीकडे, पूर्णेच्या काठच्या या गावात भाता मांडला आणि इथल्याच मातीत गेला. गावाला तेव्हा नालबंदाचं फारसं अडत नव्हतं. काळ्या मऊ मातीत बैलाला नाल कशाला लागतो? पण मग सातासमुद्रापल्याड कुठेशी लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि आमच्या वऱ्हाडातल्या बोंडाला असा भाव आला की ज्याने त्याने ज्वारी मोडून कापूस पेरला. अमरावतीच्या बाजाराकडे गाड्यांची रीघ लागली. सरकारने गोटे फोडून पक्की सडक केली. त्या गोट्यांवर बिननालाचा बैल दोन खेपांत लंगडा व्हायचा. झालं, नियाजच्या भात्याला श्वास घ्यायला फुरसत राहिली नाही.

बैलाला नाल मारणं हे एकट्याचं काम नव्हे. दोर टाकून बैल आडवा पाडायचा, चारी पाय एकत्र बांधायचे, मग एकाने मान दाबून बसायचं आणि नालबंदाने खुराच्या दोन्ही फाकांवर दोन वेगळे नाल ठोकायचे. नियाजकडे मान दाबायला बसणारा माणूस ठरलेला होता. तो पुंजाराम. केशवराव पाटलाचा सालदार, गाडी हाकायचा. बोलणं कमी. बैलाच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटायचा आणि उधळलेलं जनावर निमूट पडून राहायचं. नियाज शिव्या देणार, पुंजाराम पुटपुटणार, अशी त्या दोघांची जोडी वर्षानुवर्षं चालली होती. पाटलाचे नसले तरी गावातले बैल पाडायला लोक पुंजारामलाच हाक मारायचे.

नियाजच्या हातून एकदाच खिळा चुकला होता. पाटलाचा चांद्या, कपाळावर पांढरा टिक्का असलेला देखणा बैल, त्याच्या पुढच्या उजव्या पायात. नियाज कोणाशी तरी भांडत होता, हातोडा बोलण्याच्या तावात पडला आणि खिळा जिवंत मांसात गेला. रक्त आलं. त्याने खिळा उपटला, हळद भरली, पण चांद्या बरेच दिवस पाय उचलून चालत राहिला. केशवराव भर चावडीत म्हणाले, "नालबंद म्हातारा झाला वाटते." लोक हसले. ते हसू नियाजच्या नरड्यात काट्यासारखं अडकून बसलं. हजारो खिळे विसरला असेल तो. हा एक विसरला नाही.

त्याच साली कार्तिकात पुंजाराम अमरावतीहून परतला तेव्हा जोखडाच्या एका बाजूला बैल होता आणि दुसऱ्या बाजूला तो स्वतः. खांदा सोलून निघाला होता. पूर्णेकाठी गाडी सोडून जरा डोळा लागला तेवढ्यात चांद्या कोणीतरी सोडून नेला, असं त्याने सांगितलं. त्या दिवसांत बैल चोरीला जाणं यात काही नवल नव्हतं. भाड्याला गाडी मिळेना, गाडीला बैल मिळेना, अशी ओढ लागलेली. पण केशवरावांनी ते कानावरच घेतलं नाही. म्हणाले, "एका खेपेच्या जागी दोन खेपा मारल्या यानं. बैल ऊर फुटून मेला अन् यानं नदीत लोटून देल्ला." आता दोन खेपा मार म्हणून सकाळ-संध्याकाळ पुंजारामच्या मागे लागणारा कोण होता, हे साऱ्या गावाला ठाऊक. पण पाटलाला ते विचारायची छाती एकाचीही झाली नाही. सगळे मूग गिळून बसले.

बैल मारणं म्हणजे गोहत्या. मालकाच्या पैशाचा प्रश्न नव्हता तो, जातीचा होता. पण पुरावा नाही म्हणून जातीचे पंच थांबले होते. पुंजारामची बायको जमुना मान ताठ ठेवून पाण्याला जात होती. आणि घडलं ते त्या पाण्यामुळेच.

आमच्या त्या पट्ट्यात विहिरीचं पाणी खारं. डाळ शिजत नाही त्या पाण्यात, तहान भागत नाही. माघ लागला की बायका पूर्णेच्या पात्रात वाळू उकरून झिरे काढतात आणि त्यातलं गोडं पाणी वाटीवाटीने हंड्यात भरतात. त्या साली धार लवकर आटली, झिरा खोल न्यावा लागला. कंबरभर खड्ड्यात उतरून जमुना वाळू उपसत होती. वाळूखाली घट्ट पिवळी माती आणि गोटे लागले, आणि त्यात तिच्या हाताला एक हाड आलं. मुठीत मावेल न मावेल एवढं, एका अंगाने चपटं, एका अंगाने फुगीर, पुढे टोकदार. काळपट तपकिरी. तिने ते धुतलं आणि बायकांना गंमत म्हणून दाखवलं. स्वतःच्या हाताने दाखवलं हो. तिच्या मनात पाप असतं तर तिथंच परत पुरून टाकलं नसतं का? पण हा विचार चावडीत बसलेल्या एकाही शहाण्याला शिवला नाही.

हाड केशवरावांकडे गेलं. केशवरावांनी नियाजला बोलावलं.

नियाजने हाड हातात घेतलं. खुरातलं हाड आहे, हे त्याने बघताक्षणी ओळखलं. बैलाच्या खुराची जी एक फाक, तिच्या आत असंच हाड असणार. नालाचाच आकार होता त्याला. घोड्याचं असतं तर अर्ध्या चंद्रासारखं, दोन्ही बाजूंना सारखं असतं. हे एकांगी होतं. म्हणजे दुभंगलेल्या खुराचं. इथवर तो बरोबर होता, आणि तिथंच थांबला असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण हाडाच्या कडेला एक बारकं, गोल, नीट भोक होतं. तो चुकलेला खिळा नियाजला डोळ्यांपुढे दिसला.

"हे चांद्याचं हाये," तो म्हणाला. "पुढचा उजवा पाय. हा माहा खिळा."

"नक्की?" एका पंचाने विचारलं.

त्याने विचारलं तेही नियाजला झोंबलं. "नालबंद मी हाये का तुमी? माह्या हातचा खिळा मले कळत नाई?"

हाड जड होतं. बैलाच्या हाडापेक्षा फार जड, गार, दगडासारखं. त्याच्या तळहाताला ते कळलं होतं. पण तोंड आधी बोलून गेलं होतं, आणि नियाजच्या तोंडाने एकदा काढलेला शब्द आत घ्यायची रीत नव्हती. पाणी पिऊन जड झालं असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. पुंजाराम समोर उभा होता. तो नियाजकडे बघत राहिला. नियाज त्याच्याकडे न बघता घरी गेला.

पंचांनी शिक्षा दिली ती ठरलेलीच. गोहत्या करणाऱ्याने गळ्यात दावं बांधायचं, माणसाची भाषा सोडायची, गावोगाव दारात उभं राहून बैलासारखं हंबरायचं आणि मिळेल ते खायचं. असं मागत मागत गंगेवर जायचं, तिथं अंघोळ करायची, परत येऊन जातीला जेवण द्यायचं; मग जात त्याला पोटात घेणार. तोवर त्याची सावली कोणी घेणार नाही. जमुनाला पाण्याला जायची बंदी झाली. ज्या झिऱ्यासाठी तिने वाळू उपसली, त्याच झिऱ्याचं पाणी तिला बंद. याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

फाल्गुनात नियाज लोखंड आणायला भातकुलीच्या बाजाराला गेला. तिथं एका दुकानापुढे पोरांचा घोळका दिसला. मधे पुंजाराम. गळ्यात बैलाचं दावं, दाढी वाढलेली. दुकानदाराने मजेने विचारलं, "काय पाह्यजे रे?" आणि पुंजाराम हंबरला. मान खाली घालून, लांब, अगदी बैलासारखा. इतकी वर्षं बैलांच्या कानाशी बोलणारा माणूस. त्याच्याहून चांगला कोण हंबरणार? पोरं खिदळली. पुंजारामची नजर नियाजवर पडली आणि तिथंच थांबली. नियाजने लोखंड डोक्यावर घेतलं आणि आडवाटेने निघाला. वाटेत स्वतःशी बडबडत होता: केलं त्याचं फळ, मी काय करू, मी तर खरं तेच सांगितलं.

घरी आला तेव्हा त्याची बायको रजियाबी चुलीपुढे पाये साफ करत बसली होती. बकऱ्याचे पाय विस्तवावर भाजायचे, मग खुराच्या टोपणावर दगडाने एक ठोका द्यायचा; टोपण निघून येतं आणि आतलं बारकं टोकदार हाड उघडं पडतं. लग्न झाल्यापासून ती हे करत आलेली. नियाज बाजूला बसला, तिने टोपण काढलेला एक पाय सहज उचलला आणि बघत राहिला. बघता बघता त्याचा चेहरा उतरला. बोटाच्या पेराएवढ्या त्या हाडाच्या कडेला, सांध्याच्या जरा खाली, एक बारकं गोल भोक होतं.

"ये छेद किसने किया?" त्याने विचारलं.

रजियाबीने वर बघितलंही नाही. "कौन करेगा जी? अल्लाने किया. हर पाये में रहता. खून की रग जाती उसमें से."

"हर पाये में?"

"इत्ते बरस से खा रे तुम, आज दिखा क्या?"

नियाजने सगळे पाय उलटेपालटे केले. प्रत्येकात भोक. तो उठला, अंगणात गेला, परत आला, परत गेला. सगळा जन्म खुरावर गेला होता त्याचा. खुराचा वास, खुराची चीर, खुराचा ताप, सगळं ओळखायचा तो. पण सगळं बाहेरून. आतलं उघडं हाड त्याने कधी हातात धरलंच नव्हतं. ते धरलं होतं रजियाबीने, आणि तिला कोणी चावडीत बोलावलं नव्हतं. मग त्याला दुसरीही गोष्ट आठवली. खिळा खालून वर जातो. भोक होतं सांध्यापाशी. त्याच्या खिळ्याची तेवढी लांबीच नव्हती. हे तर त्याला तेव्हाही कळायला हवं होतं. हे कळायला पाये शिजवावे लागत नाहीत.

पाये तसेच टाकून तो नदीकडे निघाला. जमुनाच्या झिऱ्याला आता कोणी हात लावत नव्हतं, विटाळला म्हणून. नियाज खड्ड्यात उतरला आणि त्या पिवळ्या मातीत सब्बल घातली. दिवसभर उकरत राहिला. दुसऱ्या दिवशीही. गावाने ठरवलं की म्हाताऱ्याला नदीत गुप्तधन दिसलं. धन कसलं, हाडं निघत होती. खुरातली, घोट्यातली, तुटलेल्या नळ्या. सगळी तशीच काळपट, सगळी जड. त्याने एक हाड भट्टीत घालून भाता मारला. ताजं हाड जळताना जी घाण सुटते ती सुटलीच नाही. दगड तापावा तसं ते तापलं आणि तडकलं. हातोड्याने हळूच वाजवलं तर खणकन वाजलं. आत सगळा दगड. कोणत्या काळातली जनावरं होती देव जाणे, नदीनेच त्यांना गिळून, मुरवून, दगड करून ठेवलं होतं.

खुरातली हाडं त्याने वेगळी काढून ओट्यावर मांडली. बाहेरच्या फाकेची एकीकडे, आतल्या फाकेची एकीकडे. जोड्या लावून बघितल्या तर लागेनात. एक केवढं तर दुसरं केवढं. एक तर एवढं मोठं की त्याच्यावर चांद्याच्या मापाचा नाल ठेवला तर पोराची टोपी बापाच्या डोक्यावर ठेवावी तसा दिसला. आणि त्या ढिगात एक हाड निराळं निघालं. अर्ध्या चंद्रासारखं, दोन्ही अंगांनी सारखं. ते हातात आल्यावर नियाजला बापाची आठवण झाली. घोड्याचं. एकाच खड्ड्यात, एकाच मातीत, तसंच दगड झालेलं.

त्याने सगळं गोणपाटात भरलं आणि चावडीवर नेऊन ओतलं. केशवराव होते, पंच होते.

"घ्या," तो म्हणाला. "त्या झिऱ्यातलंच हाये सारं. या बैलाचे पाय मोजा. अन् हा घोडा कोनाचा, ते बी सांगा. पुंजारामनं घोडा बी मारला का? कोनत्या पाटलाचा?"

नियाजने एकेक हाड उचलून भोक दाखवलं, सांधा दाखवला, खिळ्याची लांबी दाखवली. बकऱ्याचं हाडही सोबत आणलं होतं, तेही दाखवलं. "कार्तिकानंतर नदीले पूर आला का? नाई आला. मंग चार महिन्यांत कंबरभर वाळूखाली, मातीत अन् गोट्यांत कोनं पुरलं हे? अन् दगड कोनं केला? माहं चुकलं. तो माहा खिळा नव्हता. पुंजारामले वापस बलवा."

एक पंच हाडाकडे बघून म्हणाला, "पांडवांच्या वक्ताची दिसतात." दुसऱ्याने लगेच हात जोडले. पण बोलायचं होतं ते केशवराव बोलले, आणि शांतपणे बोलले. "ते ठीक हाये नियाज. पन पंचांनी देल्लेला शब्द असा वापस घेता येते का? तो गेला गंगेवर. येईल पुन्य घेऊन. त्याच्या आंगाले काय भोकं पडतात?"

"पाटील, त्यानं बैल मारला नाई."

"तुले काय मालूम? हाड चांद्याचं नाई, एवढंच मालूम ना? मंग चांद्या कुठी हाये, दाखव."

बघा माणसाची जात. हाड होतं तेव्हा हाड पुरावा. हाड खोटं निघालं तेव्हा बैल आणून दाखव. नियाजच्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मभर त्याने सगळ्यांवर राग काढला होता, खुरावरून, दोरावरून, कशावरूनही. पण हा राग वेगळा होता. यात त्याचा स्वतःवरचा रागही मिसळला होता, आणि तो बाहेर पडायला जागा मागत होता. चावडीवरून तो सरळ घरी गेला, भट्टीत पाण्याचा हंडा ओतला, भात्याची कातडी सोडून खुंटीला टांगली आणि दारात खाट टाकून बसला.

कापसाचा शेवटचा हप्ता निघायचा होता तेव्हा. घराघरात बोंडांचे ढीग, गाड्या भरलेल्या. आणि अमरावतीहून बातमी आलेली की तिकडची लढाई मिटतेय, भाव कोसळेल, विकायचं ते आत्ताच विका. नालाशिवाय बैल सडकेवर घालता येईना. लोक नियाजच्या दारात बैल घेऊन आले.

"पुंजाराम येऊ द्या," नियाज म्हणायचा. "मान कोन दाबीन?"

"मी दाबतो."

"तुह्यानं होत नाई."

आणि तो पाठ फिरवून पडायचा. लोकांनी भातकुलीच्या नालबंदाकडे बैल नेले. त्याच्या दारात जत्रा भरलेली, कोणाचा नंबर लागला तर लागला. दोघा-तिघांनी तसेच बिननालाचे बैल सडकेवर घातले आणि लंगडवून परत आणले. गाव नियाजला शिव्या घालू लागलं. रजियाबीने पहिले काही दिवस ऐकून घेतलं, मग तीही दारात उभी राहून उलट सुनावू लागली. ती तर नवऱ्याहून तिखट निघाली. एका सकाळी ती हंडा घेऊन उघडपणे जमुनाच्या घरी गेली, झिऱ्याचं पाणी तिच्या दारात ठेवलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमाले नाई बाटवत हे पानी. दगडाची हाडं अन् दगडाची मानसं." जमुना दाराआड उभी होती. ती बाहेर आली नाही, पण हंडा आत घेतला.

शेवटी केशवराव आले. पाटील नालबंदाच्या दारात येणं हे गावाने पहिल्यांदा बघितलं. त्यांचा कापूस सगळ्यांत जास्त, त्यामुळे त्यांची घाईही सगळ्यांत जास्त होती. धर्म वगैरे काही नव्हतं ते. भाव पडायच्या आत माल पोचवायचा होता.

"बलावतो त्याले," केशवराव म्हणाले. "पन पंच कोन्या तोंडानं बलावतील? त्यांनी तुह्या शब्दावर शिक्षा देल्ली. तू खोटी साक्ष देल्ली असं तुले चावडीत म्हनावं लागीन."

नियाज खाटेवरून उठला. खोटी साक्ष त्याने दिली नव्हती; चूक केली होती. दोन्हींत काय फरक आहे, हे पाटलालाही कळत होतं आणि पंचांनाही. पण चूक म्हटलं असतं तर ज्यांनी ती चूक डोळे मिटून मानली, तेही चुकीचे ठरले असते. खोटं म्हटलं की सगळं एकट्या नियाजच्या डोक्यावर. त्याने रजियाबीकडे बघितलं.

"म्हनतो," नियाज म्हणाला.

आणि म्हणाला. ज्या माणसाला आयुष्यात कोणी खोटारडा म्हटलं नव्हतं, त्याने भर चावडीत, सगळ्या गावासमोर, मी खोटं बोललो असं म्हटलं. पाटलांनी ते दोनदा म्हणवून घेतलं, मागे बसलेल्यांना ऐकू गेलं नाही म्हणून. कोणी हसलं नाही, हे मात्र गावाच्या बाजूने सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी भट्टी पेटली.

पुंजाराम नांदगाव खंडेश्वरच्या पुढे कुठेतरी सापडला, त्याला घेऊन आले. पंचांनी गळ्यातलं दावं काढलं. तरी नारळ फोडायला लावलाच, आणि तोही त्याच्याच हाताने. गुन्हा नाही म्हणून सोडलं आणि नारळ मात्र गुन्हेगाराकडून घेतला. कशासाठी, हे कोणी सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही.

संध्याकाळी नियाज त्याच्या घरी गेला. पुंजाराम ओट्यावर बसला होता. गळ्याभोवती दोराचा काळा वळ होता. जमुनाने नियाजला बघितलं आणि ती आत निघून गेली. नियाज उभाच राहिला. काय काय बोलायचं, ते वाटेत त्याने ठरवून ठेवलं होतं. बकऱ्याचा पाय, भोक, घोड्याचं हाड, चावडी, सगळं. त्याने तोंड उघडलं तेवढ्यात पुंजारामने हात वर केला. बरेच आठवडे माणसाची भाषा बोलला नव्हता तो. आवाज घोगरा निघाला, पण शब्द स्वच्छ होते.

"इतकी वरसं तुह्यापुढं बैलाची मान दाबून बसलो," तो म्हणाला. "चांद्याले तू खिळा मारला तवा बी मीच बसलो होतो. चावडीत बी तुह्यापुढंच उभा होतो. तू हाडाले इचारलं, नियाज. मले नाई इचारलं."

नियाज मागे फिरला. तो घरी आला.

चांद्या कधीच सापडला नाही. भाव पडला, सडकेवरच्या गाड्या कमी झाल्या, केशवराव आणि त्यांचे पंच जसे होते तसेच चावडीवर बसत राहिले. पुंजारामने पाटलाचं साल सोडलं आणि दुसऱ्याकडे धरलं. नव्या मालकाच्या बैलांना नाल मारायचे असले की तो त्यांना नियाजच्या दारावरून हाकत भातकुलीला न्यायचा, थेट, मान न वळवता. गावातलं कोणी म्हणालं, एवढं काय धरून बसायचं, म्हाताऱ्यानं चावडीत नाक घासलं ना, तर नियाज हातातला हातोडा ठेवून त्याच्या अंगावर जायचा. "धरून बसू दे त्याले," म्हणायचा. "त्याचा हक हाये." आणि रस्त्यावरून बैलांचे पाय वाजत गेले की भाता थांबवून ऐकायचा, भातकुलीचे नाल सैल बसलेत, हे त्याला आवाजावरून कळायचं, पण तो दारात जायचा नाही.